राखणीचा फणस

गाव निवडावं तर ते देवदत्त आगाश्यांनी! असं सोलापुरात दुसरं कोणी म्हणत नसे, देवदत्तराव स्वतःच म्हणत. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून जन्म गेला होता त्यांचा. बाजाराच्या तोंडाशी त्यांची स्कूटर वळली की दुकानदार पारड्याखाली चिकटवलेली चिंच घाईघाईने काढून तोंडात टाकत. "किलोला किलो आणि मीटरला मीटर! दुसऱ्याचं तीळभर आपल्याकडे नको आणि आपलं तीळभर दुसऱ्याकडे नको," हे त्यांचं वाक्य निरोप समारंभात तिघा वक्त्यांनी म्हणून दाखवलं, चौथ्या वेळी ते स्वतःच म्हणाले.

निवृत्तीनंतर कुठे राहायचं हा प्रश्नही त्यांनी असाच पारड्यात घातला. कोकण तर नक्की होतं. सोलापूरच्या उन्हात माणूस जन्मभर भाजला की त्याला हिरव्या रंगाचं वेड लागतं. चिपळूण पाहिलं. बाजार उत्तम, स्टेशन उत्तम, पण वाशिष्ठी पावसाळ्यात घरात येते म्हणाले. पाहुणी म्हणून ठीक, पण फ्रिजपर्यंत येणारी नदी नको! आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला हात जोडले, खालचा समुद्र पाहून "वा!" म्हणाले, आणि तिथल्या तिथे गुडघ्यांनी राजीनामा दिला. पाली बरी होती, पण तिथे समुद्र नाही, नुसते कोल्हापूरचे ट्रक. शेवटी रत्नागिरीपासून रिक्षाच्या टप्प्यात, खाडीच्या वरच्या अंगाला, एक कौलारू घर पसंत पडलं. मालक मुंबईला भांडुपात स्थायिक. व्यवहार बघत होता त्याचा भाऊ महिपतराव कळंबटे, शेजारच्याच घरात राहणारा. महिपतराव जागा दाखवत होते, मागे हात करून काहीबाही सांगत होते, तेव्हा देवदत्तराव टेप लावून दाराची चौकट मोजत होते. चौकट सरळ निघाली. इसार दिला.

राहिला प्रश्न कमलाताईंचा. त्यांना जायचं होतं पुण्याला, बहिणीच्या शेजारी. भार्गवीच्या मजल्यावरचा फ्लॅट रिकामा होता आणि रोज संध्याकाळी तिचा फोन येत होता.

"आठवडाभर राहून बघते त्या घरात," कमलाताई म्हणाल्या. "पण सांगून ठेवते, एक गोष्ट बिनसली ना, की पुणे!"

"काय बिनसणार आहे? तिथली माणसं साधी असतात."

"आणि ती भुतंखेतं? देवचार? कोकणात फार म्हणतात."

देवदत्तराव असे काही हसले की शेजारच्या बिऱ्हाडातलं मूल उठलं. "अगं, जे वजनकाट्यावर चढत नाही ते जगात नाही! भुताचं वजन किती, सांग बघू?"

तर २००३ सालच्या मे महिन्यात दोघं त्या घरात उतरली. महिपतरावांनी कौलं झाडून ठेवली होती, त्यांच्या बायकोने, राहीने, पाणी भरून ठेवलं होतं. पहिले दोन दिवस देवदत्तराव ओटीवर बसून खाडीकडे बघत आपल्याच निवडीला शाबासकी देत होते.

तिसऱ्या दुपारी घात झाला.

राही कमलाताईंना घेऊन खाडीवर मासे बघायला गेली होती. घरात देवदत्तराव एकटे. मागचं दार उघडं, आणि त्या दारातून एक वास आत आला. गोड, जड, अंगावर येणारा. देवदत्तराव वासामागे निघाले. घरामागे जांभ्या दगडाचा कमरेएवढा गडगा होता, आणि गडग्यापलीकडे फणसाचं झाड. बुंध्यालाच, अगदी जमिनीलगत, एक फणस पिकून बसला होता! सोलापुरात फणस मिळे तो चार गरे, प्लास्टिकच्या पिशवीत, तोही मोजून. इथे अख्खा फणस हाताच्या अंतरावर, आणि कोणी बघत नाही!

गडगा म्हणजे हद्द, हे कळण्याइतकं त्यांना कळत होतं. हद्दीपलीकडचं ते दुसऱ्याचं, हेही कळत होतं. झाडाच्या फांदीला एक काळी बाटली टांगली होती आणि तिच्या गळ्यात लाल चिंधी. "पाखरं हाकलायला असेल," असं म्हणून त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, धोतर असतं तर खोचलं असतं, लेंगा होता तो वर ओढला आणि गडगा ओलांडला. फणसावर नुसती थाप मारली. खरंच नुसती थाप! देठ सुटला आणि फणस त्यांच्या पायाशी बसला.

"पडायलाच आला होता," देवदत्तराव मोठ्याने म्हणाले. मनातला निरीक्षक काही बोलायच्या आत त्यांनी तो उचलून न्हाणीघरात नेला.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. सुरीने चिरला, हाताने फाडला, आणि उकिडवं बसून जे गरे खायला लागले ते आठळ्यांचा ढीग बघूनच थांबले. सालं आणि आठळ्या केळीच्या बुडाशी पुरल्या. वर सवयीप्रमाणे डब्यातून पान काढलं, चुना लावला, कात घातला, विडा तोंडात टाकला आणि ओटीवर येऊन पाय पसरले. असं सुख त्यांना पेन्शनच्या पहिल्या दिवशीही झालं नव्हतं.

फक्त हात चिकट वाटत होते. साबण लावला तर आणखी चिकट झाले. फणसाच्या चिकाला आधी तेल लागतं, हे कोकणातलं शेंबडं पोरही सांगेल, पण सोलापूरच्या निरीक्षकाला कोण सांगणार? राख लावली, मग हात राखेसकट चिकट झाले.

संध्याकाळी कमलाताई परतल्या त्या उजळलेल्या चेहऱ्याने. मागोमाग महिपतराव आले.

"नमस्कार सायब!"

"नमस्कार!" देवदत्तरावांनी हात जोडले.

आणि हात सुटेचनात!

तळवा तळव्याला जो चिकटला तो चिकटलाच. ओढून पाहावं तर कातडं सुटेल की काय वाटत होतं. महिपतराव बसले, पाणी प्यायले, पावसाच्या गोष्टी सांगू लागले, आणि देवदत्तराव समोर हात जोडूनच बसलेले. महिपतराव अगदी भारावून गेले. "एवढा मोठा हापिसर, पन काय ती नमरता! वैनी, देवमानूस हाय तुमचा!"

कमलाताईंनी नवऱ्याकडे जरा निरखून पाहिलं. लग्नानंतर इतकी नम्रता त्या पहिल्यांदाच बघत होत्या. मग हवेत नाक फिरवत म्हणाल्या, "फणसाचा वास कुठून येतोय हो?"

"त्यो मागचा. पिकायला आला आसंल. उद्या काढूच." महिपतराव सावरून बसले. "त्याची काय काळजी न्हाय वैनी. जागंच्या राखनदाराच्या राखनीला लावलाय ना! आमच्या धाकू गुरवानं गाऱ्हानं घालून बाटली बांदल्यान. चोरून कुनी गरा जरी तोंडात टाकल्यान तरी सुटका न्हाय."

"म्हणजे काय होतं?" हे देवदत्तरावांनी विचारलं. जोडलेल्या हातांमुळे ते प्रार्थना केल्यासारखं वाटलं.

"गेल्या साली आमच्या केरूनं दुसऱ्या झाडाचा, असाच राखनीचा फनस खाल्लान ना! आदी नुसते ढेकर. मंग पाय गार पडले. मंग पोट ह्ये असा फुगला, ढोल! आनि मंग वाचा बसली. कबूल झाला, झाडाखाली नारळ दिल्यान, तेवा सुटला."

"आणि कबूल नसता झाला तर?"

"तर काय!" महिपतराव शांतपणे म्हणाले. "तर वाट बगायची."

देवदत्तरावांनी हसायचा प्रयत्न केला. "छे छे महिपतराव, ही निव्वळ अंधश्र—"

आणि ढेकर आला! साधासुधा नाही, बेंबीच्या देठापासून निघालेला, ओटीवरचा कंदील हलेल असा ढेकर. कमलाताई म्हणाल्या, "अहो!" देवदत्तराव म्हणाले, "दुपारचं वरण—" आणि दुसरा आला.

महिपतराव गेल्यावर त्यांनी दातओठ खात हात एकदाचे सोडवले आणि अंधारात पाय चाचपून पाहिले. गार होते. मे महिन्यात, कोकणात, घामाच्या धारा लागलेल्या असताना पाय गार! ते दोन पांघरुणं घेऊन झोपले, म्हणजे पडले. जेवढ्या वेळा डोळा लागला तेवढ्या वेळा स्वप्नात ती काळी बाटली आली आणि तिने विचारलं, "किलोला किलो ना, आगाशे?"

सकाळी पोट फुगलेलं होतं. लेंग्याची नाडी पुरत नव्हती! देवदत्तराव आरशासमोर आडवे उभे राहिले आणि त्यांच्या पोटात भीतीचा गोळा उठला. तिथे आधीच जागा नव्हती, तरी उठला. ढेकर झाले, पाय झाले, पोट झालं. आता राहिली ती वाचा. आपण बोलू शकतो का हे बघायला त्यांनी हळूच "एक किलो" म्हणून पाहिलं. आवाज घोगरा आला.

मरणाची भीती त्यांना होतीच, पण खरं सांगायचं तर त्याहून मोठी भीती होती ती कबुलीची. ज्या माणसाने पावशेराला चिंच चिकटवणाऱ्याला भर बाजारात उभं केलं, तो शेजाऱ्याचा फणस चोरून खातो! हे कमलला कळलं तर? गावाला कळलं तर? इथे घर घेऊन रोज त्याच महिपतरावांच्या तोंडाकडे कसं बघायचं? त्यापेक्षा पळालेलं बरं! पुण्यापर्यंत राखणदाराची हद्द थोडीच असणार?

"कमल," ते चुलीपाशी जाऊन म्हणाले, "सामान बांध. पुण्याला जाऊ. भार्गवीच्या शेजारी."

कमलाताईंनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. "मी नाही येत."

"म्हणजे?"

"म्हणजे मला इथे आवडलं. काय ती खाडी, काय ते मासे! राहीवहिनींनी मला तिसऱ्यांच्या शिंपल्या कशा उघडायच्या ते शिकवलं. तुळस कुठे ठेवायची तेही ठरवलंय मी. भार्गवीच्या शेजारी काय आहे? भार्गवी!"

"पण एक गोष्ट बिनसली की पुणे, असं तूच—"

"काय बिनसलंय?"

बिनसलेली गोष्ट लेंग्यात मावत नव्हती, पण सांगणार कशी?

"इथली हवा... जड आहे," ते म्हणाले.

"तुम्हीच तर परवा ओटीवर बसून म्हणालात, इथल्या हवेला शंभरात पंच्याण्णव गुण!" मग त्यांचं लक्ष गेलं. "अगं बाई! पोट काय झालंय हे? महिपतराव! अहो महिपतराव!"

महिपतराव धावतच आले. देवदत्तराव "नको, नको" म्हणेपर्यंत त्यांना रिक्षात घातलं, आणि मायेचा माणूस तो, स्वतःही शेजारी बसला. रत्नागिरीपर्यंतच्या प्रत्येक खड्ड्याला देवदत्तरावांच्या तोंडून ढेकर निघे आणि प्रत्येक ढेकराला महिपतराव त्यांच्याकडे जरा जास्त वेळ बघत. निदान देवदत्तरावांना तसं वाटे.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी पोटावर बोटाने वाजवून पाहिलं. ताशासारखा आवाज आला.

"काय खाल्लंत काल?"

शेजारी महिपतराव. देवदत्तराव म्हणाले, "वरणभात."

"फणस वगैरे नाही ना खाल्लात? या दिवसांत माझ्याकडे निम्मे लोक फणस खाऊनच येतात."

"फणस?" देवदत्तरावांचा आवाज चिरकला. "मला आवडत नाही!"

"अरेरे," डॉक्टर गंभीर झाले. "फणस असता तर सोपं होतं. मग हे वेगळं दिसतंय. या वयात छातीचं दुखणंही पोटातून बोलतं. कार्डिओग्राम काढू."

झालं! आता एकीकडे राखणदार आणि दुसरीकडे हार्ट. देवदत्तराव टेबलावर आडवे पडले, छातीला वायरी लागल्या, आणि ते मनातल्या मनात देवाला म्हणाले, शक्य असेल तर राखणदारच असू दे, त्याला निदान नारळ चालतो! कार्डिओग्राम चोख निघाला. डॉक्टरांनी तो उलटा करूनही पाहिला. "हार्ट उत्तम आहे. मग हे काय आहे ते मला समजत नाही," ते म्हणाले, आणि उद्या सगळ्या तपासण्या करायला या म्हणाले.

डॉक्टरला समजत नाही! देवदत्तरावांच्या अंगावर काटा आला. जे विज्ञानाला समजत नाही ते काय असतं, हे काल ओटीवरच त्यांना सविस्तर कळलं होतं.

"घाबरू नका सायब," परतताना महिपतराव म्हणाले. "आज धाकूला बोलवलाय. मागचा फणस कुनीतरी नेल्यान, सकाळीच बगितला मी. आता गाऱ्हानं घालू. वाडी जमंल. चोर काय सुटत न्हाय! त्यालाच सांगू तुमच्या पोटाचापन कायतरी बग म्हनून."

देवदत्तरावांना रिक्षातून उडी मारावीशी वाटली, पण पोट दारातून गेलं नसतं.

ऊन कलल्यावर फणसाखाली पंधरावीस माणसं जमली. राहीने देवदत्तरावांसाठी खुर्ची आणून ठेवली, अगदी पुढे, मानाने. कमलाताई मागे उभ्या राहिल्या. धाकू गुरव हा काटकुळा म्हातारा, पण आवाज असा की खाडीपलीकडे ऐकू जावा. त्याने झाडाच्या बुडाशी नारळ ठेवला, उदबत्ती लावली, हात जोडले. वर ती काळी बाटली वाऱ्यावर सावकाश फिरत होती. फिरता फिरता थांबली, ती देवदत्तरावांकडे तोंड करून!

"बा देवा म्हाराजा!" धाकू कडाडला.

"व्हय म्हाराजा!" सगळी वाडी एका आवाजात.

"ह्या जागंच्या राखनदारा, आज ही तुजी लेकरा तुज्यासमोर हुबी हायत..."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या झाडाचा फनस ज्या कुनी चोरून खाल्ला आसंल..."

"व्हय म्हाराजा!"

देवदत्तरावांनी सगळ्यांबरोबर तोंड हलवलं, पण आवाज बाहेर पडला नाही. घसा कोरडा ठक्क! वाचा! वाचा गेली! ढेकर, पाय, पोट, वाचा, सगळं क्रमाने झालं. आता फक्त वाट बघायची राहिली. डोळ्यांसमोर अंधारी आली. कमल एकटी राहणार, भार्गवीच्या शेजारी राहणार, आणि निरोप समारंभात मिळालेली शाल आता कुठे कामाला येणार हेही दिसलं.

"...त्याचा पोट, म्हाराजा..." धाकूने दम घेतला.

"मी खाल्ला!"

वाचा परत आली ती अशी की झाडावरचे कावळे उडाले. देवदत्तराव खुर्चीवरून उठले, लेंगा एका हाताने धरून, दुसरा हात शपथ घेतल्यासारखा वर. "मी, देवदत्त विष्णू आगाशे, निवृत्त निरीक्षक, वजनमापे खातं, सोलापूर! काल दुपारी घरात कोणी नसताना हा गडगा ओलांडून, शेजाऱ्याचा फणस चोरून, न्हाणीघरात बसून, एकट्याने, अख्खा खाल्ला! सालं केळीखाली आहेत! महिपतराव, काय ती शिक्षा करा, पण तो... तो बाटलीतला काढून घ्या!"

कमलाताईंचा पदर तोंडाला गेला. गर्दीच्या कडेला उभा असलेला केरू तेवढा दोन पावलं मागे सरकला. देवदत्तराव मान खाली घालून उभे होते. जन्मात पहिल्यांदा त्यांना चिंच चिकटवणाऱ्या दुकानदारांची दया आली.

मग राही हसायला लागली. आधी पदरात, मग झाडाला टेकून.

"अवो सायब," महिपतराव डोळे पुसत म्हणाले, "झाड तुमचाच हाय!"

"काय?"

"तुमचा! तुमच्या घराचा! ह्यो गडगा हद्दीचा न्हाय, जुन्या गोठ्याचा. हद्द ती तिकडं, काजूच्या झाडाखाली. जागा दावताना सांगितला न्हवता मी? तवा तुमी त्या चौकटीला फीत लावून बसलेलात!"

"मग ती बाटली?"

"ती तुमच्यासाठीच बांदली! इसार झाला त्याच दिवशी. तुमी सोलापुरात, फनस इथं, म्हटला चोरांनी खाऊ नये. धाकूनं गाऱ्हान्यात सांगितलान, जो ह्या घराचा धनी व्हनार त्याला सोडून बाकी कुनी खाल्लान तर बगून घे. धन्याला काय व्हतंय?"

देवदत्तराव खुर्चीत बसले. आपलाच फणस, आपल्याच न्हाणीघरात, आपणच चोरून खाल्ला! "मग माझं पोट?"

राही पुढे आली. "अख्खा खाल्लात?"

"अख्खा."

"वर पाणी?"

"नाही. विडा."

"विडा!" सगळी वाडी एकदम म्हणाली, गाऱ्हाण्यात म्हणावं तशी. फणसावर विडा खाऊ नये, पोट फुगतं, हे तिथल्या मुलांना बाराखडीच्या आधी सांगतात. राहीने ओवा आणि मीठ हातावर दिलं, वर कढत पाणी पाजलं. थोड्या वेळाने देवदत्तरावांनी जो ढेकर दिला त्याला वाडीने दाद दिली. नाडी पुरू लागली.

जीव वाचला. पण जीव वाचला की माणसाला अब्रू आठवते. इतक्या माणसांसमोर आपण काय काय बोलून गेलो! न्हाणीघर, केळ, पूर्ण नाव, खातं! आता या गावात राहायचं? रोज केरूनेसुद्धा हसावं? देवदत्तराव खाकरले. "महिपतराव, तुमचे उपकार आहेत. पण घराचं... आम्ही जरा पुन्हा विचार करतो. पुण्यालाही एक जागा आहे."

धाकू गुरवाने सावकाश मान वर केली.

"धनी व्हनार न्हाय?"

"म्हणजे, अजून नक्की नाही."

"मंग फनस?" धाकू म्हणाला.

हसणं थांबलं. राहीने ओव्याची वाटी खाली ठेवली. धाकूने बाटलीकडे पाहिलं, महिपतरावांनी बाटलीकडे पाहिलं, मग सगळ्या वाडीने पाहिलं.

"घर घेतलात तर फनस धन्यानं खाल्ला," धाकू विचार करत म्हणाला. "न्हाय घेतलात तर... मंग त्यो चोराचा झाला. माज्या हातात काय न्हाय सायब. गाऱ्हानं तसाच घातलाय."

देवदत्तरावांच्या पायांना पुन्हा गारवा जाणवला. त्यांनी आधारासाठी बायकोकडे पाहिलं. कमलाताई झाडाखाली शांत उभ्या होत्या.

"बघा बाई," त्या म्हणाल्या. "माझं काही नाही. मी काही खाल्लेला नाही."

दुसऱ्या दिवशी रजिस्ट्रार ऑफिस उघडायच्या आधी देवदत्तराव पायरीवर बसलेले होते.

या गोष्टीला आता बरेच पावसाळे झाले. कमलाताईंची तुळस छातीएवढी झाली आहे आणि भार्गवी दर मे महिन्यात येऊन "तुम्ही नशीबवान" म्हणते. सोलापूरचे पाहुणे आले की देवदत्तराव त्यांना ओटीवर बसवून हवा, पाणी, स्टेशन, दवाखाना असं सगळं पारड्यात घालून दाखवतात आणि शेवटी म्हणतात, "गाव निवडावं तर ते असं, थंड डोक्याने!" आत कमलाताईंच्या हातातलं भांडं जरा जोरात वाजतं. एखादा पाहुणा मागच्या दारातून बाटली बघतो आणि विचारतो, "काय हो, तुम्ही असलं मानता?"

"छे!" देवदत्तराव तसेच हसतात, पूर्वीसारखे. "माझा विश्वास कशाला लागतो? चोराचा असला की झालं!"

फक्त फणस काढायची वेळ आली की ते पाहुण्यांना घरातच बसवतात. एकटे मागे जातात, चपला काढतात आणि झाडासमोर सरळ उभे राहून हळू आवाजात म्हणतात, "देवदत्त विष्णू आगाशे. मालक." मग इकडे बघतात, तिकडे बघतात. उत्तर द्यायला वाडी जमलेली नसते, म्हणून स्वतःच म्हणतात, "व्हय म्हाराजा."